सायकलला मोठी डिस्क हवीच का?

पाचोऱ्यातले बहुतेक रस्ते सपाट. शाळा-क्लासला नेणाऱ्या ‘एमटीबी’ला १६० मिमीची डिस्क पुरते. रुबाबासाठी मोठी डिस्क बसवणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

प्रश्न येतो तो घाटात. चाळीसगावहून कन्नड घाट चढून गेलेला सायकलस्वार परतताना उतारभर ब्रेक दाबून असतो. डिस्क तापते, पकड ढिली पडते. मोठ्या डिस्कला ब्रेक पॅड मध्यापासून लांब धरतात, त्यामुळे बोटांचा जोर तेवढाच असूनही १८० मिमीची डिस्क सुमारे १२ टक्के जास्त जोराने चाक रोखते. शिवाय ती उशिरा तापते. चालवणारा वजनदार असेल किंवा मागे सामान बांधलेले असेल, तर पुढच्या चाकाला १८० घ्यावी. ब्रेक लावताना भार पुढेच येतो. मागे १६० चालते. २०३ मिमीची डिस्क डोंगरउतारावर भरधाव जाणाऱ्यांसाठी, ती इथे कशाला?

मात्र फोर्कला किती मिमीपर्यंतची डिस्क चालते, हे आधी पाहावे. कॅलिपरसाठी त्या मापाचा अडॅप्टरही लागतो. दुकानदार ‘बसते’ म्हणाला, एवढ्यावर जाऊ नये.

आणि चेनला तेल देताना डिस्कवर फडके टाकावे. तेल उडाले, की १८० काय नि २०३ काय, ब्रेक लागत नाही.