फुकट वाचनाचा खर्च

जानेफळसारख्या मेहकर तालुक्यातल्या गावात गावची बातमी मोबाईलवर फुकट वाचायला मिळते, ती खाली झळकणाऱ्या जाहिरातीच्या जोरावर. कृषी सेवा केंद्र, कापड दुकान, पतसंस्था यांच्या पैशावर लिहिणाऱ्याचा खर्च निघतो. यात कमीपणा काही नाही. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि पुढे जी परंपरा रुजली, तीही जाहिरातींवरच तगली आहे, नुसत्या विक्रीवर फार थोडे अंक उभे राहतात. माझी काळजी वेगळी आहे. २०२० च्या खरिपात सोयाबीनचं बियाणं उगवलं नाही म्हणून राज्यभरातून तक्रारी आल्या, शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची पाळी आली. अशा वेळी बियाण्याचीच जाहिरात घेणाऱ्याने ती बातमी कुठे छापायची? माझ्या मते पहिल्या पानावर, आणि जाहिरातदाराला हे आधीच सांगून. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत बातमीच्या वेषात जाहिराती छापल्या गेल्याचं उघड झालं, तेव्हा प्रेस कौन्सिलला चौकशी करावी लागली. म्हणून एकाच मोठ्या पुरस्कर्त्यापेक्षा गावातले दहा छोटे बरे: त्यातला एखादा रुसून गेला तरी काम थांबत नाही.