तरवड उपटणाऱ्यांना

तरवड म्हणजे बांधावरचं रानटी झुडूप. त्याला शोभा नाही, गुरं तोंड लावत नाहीत, वर साप दडतात. परभणीत कुंपणाचा विषय निघाला की हा पूर्वपक्ष ठरलेला. मग बंगल्याभोवती ड्युरांटा येतो आणि दुभाजकात कोनोकार्पस.

शोभा नाही म्हणणारी हीच मंडळी घटस्थापनेला माळेसाठी तरवडाची पिवळी फुलं शोधत हिंडतात! १९५६ पर्यंत आपण ज्यांच्यासोबत हैदराबाद राज्यात होतो, त्या तेलंगणाने याच झुडपाला, त्यांच्या तंगेडूला, राज्यपुष्पाचा मान दिला. उलट कोनोकार्पस लावायला गुजरात सरकारने २०२३ मध्ये बंदी घातली. गुरं खात नाहीत, हा तर गुणच. मोकाट जनावरांच्या गावात दुसरं काय टिकतं? आणि साप उंदरामागे येतो, झुडपाची जात विचारून नव्हे.

तरवडाच्या भक्तांनाही थोडं आवरावं लागेल. शेंगा धरतो म्हणून तो जमिनीत नत्र भरतो, हे खरं नाही. त्याच्या मुळांवर नत्राच्या गाठी येत नाहीत. फुलांच्या चहाने साखर उतरते म्हणून गोळ्या बंद करणं तर निव्वळ वेडेपणा.

त्याचं खरं मोल फुलाजवळ वाकून पाहिलं की कळतं. या फुलात मध नसतो. पुंकेसरांच्या टोकाला बारीक छिद्रं असतात, पराग आत कोंडलेला. काळा भुंगा येतो, फुलाला मिठी मारतो आणि अंग थरथरवतो. गुणगुण एकदम चढते आणि छिद्रांतून परागाची पूड उडते. कोवळ्या पानांवर पांढरट-हिरवी भटकी फुलपाखरं अंडी घालतात. अळ्या पानं खातात, त्यांच्यावर पक्षी येतात. तेव्हा पानं कुरतडलेली दिसली की फवारणीचा पंप काढू नका.

पाणी साचणाऱ्या काळ्या जमिनीत मात्र तो कुजतो. जिंतूर-गंगाखेडकडच्या मुरमाड माळांवर, बांधावर, कुंपणालगत त्याची जागा. पारा ४४ अंशांवर गेला तरी हिरवा असतो. रोपं विकत मिळाली नाहीत तरी अडत नाही. हिवाळ्यात वाळलेल्या चपट्या शेंगा तोडा. बियांचं कवच टणक, म्हणून गरम पाण्यात रात्रभर भिजवा आणि मृग बरसला की जागेवरच टोका. सोटमूळ खोल जातं, रोप हलवलेलं त्याला सोसत नाही. फुलं ओसरली की छाटा, नाहीतर पुरुषभर उंच होऊन वाट अडवेल.