नरिमन पॉइंटच्या पलीकडे

सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे मोसम वर्षातून दोनदा मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात रंगतात. 2006 साली खुशरू सनटूक आणि कझाक व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांनी हा वाद्यवृंद उभारला. तो राज्यात फिरावा म्हटले की ‘तिकडे ऐकणार कोण?’ असे विचारले जाते. सोलापूर जिल्ह्यात उजनी धरणाकाठी ही सबब चालणार नाही. टेंभुर्णी-करमाळ्याकडच्या लग्नसराईत हलगी, सनई, बेंजो एकत्र वाजतातच; समोर नोटेशन नसते एवढेच. अख्खा ताफा आणणे परवडणार नाही, हे मान्य. पण चार तंतुवादक रेल्वेने जेऊरला सहज उतरू शकतात. शाळेचे सभागृह पुरे, खर्च जिल्हा नियोजन समितीने उचलावा. त्याच मंचावर, त्याच मानधनात हलगीवाल्यांनाही वाजवू द्यावे. पाहुण्यांनी समोर बसून ऐकावे.