तान्ह्याला घेऊन कान्हेरीला

थंडी पडली की आमच्या वस्तीतल्या विहारात सहलीची वही निघते. ठिकाण ठरलेले, कान्हेरी लेणी. बोरीवली पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचे गेट, तिथून आत सहा-सात किलोमीटर. नावे लिहून घेण्याचे काम माझ्याकडे; कारकुनाला दुसरे काय देणार! दरवर्षी त्या वहीत नवऱ्याचे नाव असते, सासूचे असते, दिराचे असते. अंगावर पिणारे बाळ जिच्याजवळ आहे, तिचे नाव नसते. विचारले तर उत्तर तयार, "बाळ लहान आहे, गारठा बाधेल."

मी तरी कुठे वेगळा होतो? आमची थोरली चार महिन्यांची असताना मी मित्रांबरोबर लेणी पाहून आलो आणि तिसऱ्या लेण्यातल्या भव्य बुद्धमूर्तींचे वर्णन बायकोला घरी बसून ऐकवले. लग्न होऊन बोरीवलीत आल्याला तिला तेव्हा तीन वर्षे झाली होती. "मला कधी नेणार?" एवढेच तिने विचारले. नेले, पण थोरली शाळेत जाऊ लागल्यावर. कान्हेरीच्या दानलेखांत भिक्षुणींची, उपासिकांची नावे दगडात कोरलेली आहेत, आणि आमच्या वहीत आईला जागा नाही!

गेल्या जानेवारीत मात्र माझी भाची पाच महिन्यांचे बाळ घेऊन आली. आजीने झबल्यावर स्वेटर, त्यावर आणखी एक स्वेटर, कुंची, मोजे, वरून दुपटे असा बंदोबस्त केला होता. सकाळी झाडीत गारवा होताच. मुंबईला थंडी नसते असे कुणी समजू नये. २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला होता. पण आपली थंडी बहुधा सकाळपुरती. अकरा वाजता कातळ तापला आणि बाळ किरकिरू लागले. "गारठले असेल," असे म्हणून आम्ही शहाण्यांनी वर शाल टाकली! भाचीने मानेमागे हात घातला, तर पोर घामाने चिंब. तिने सावलीत बसून दोन्ही स्वेटर काढले, अंग पुसले, पाजायला घेतले. थोड्या वेळात ते झोपले.

तेव्हा बाळाचे हातपाय गार लागले म्हणून घाबरू नका, ते लागतातच. मान, पाठ, छाती पाहा. आपण जेवढे कपडे घातले त्याहून एक पदर जास्त पुरतो. एक जाड कपडा घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ सुती बरे, ऊन चढेल तसे काढता येतात. ओला लंगोट लगेच बदला; गारठा खरा तिथून शिरतो. लेण्यातला दगड आत गार असतो, बाळाला त्यावर नुसते निजवू नका, गोधडी अंथरा. सहा महिन्यांच्या आत आईचे दूधच पुरते, पाणीही नको. आईला मात्र पाणी आणि पोटभर भाकरी हवी. ती पाजायला बसली की पुरुषांनी पुढच्या लेण्याकडे सरकावे, सांगायला लागू नये. खाण्याची पिशवी उघडी ठेवू नका, माकडे टपलेली असतात.

दीड महिन्याच्या आतले, कमी वजनाचे किंवा खोकला-ताप असलेले बाळ नेऊ नये. बाळ दूध ओढेनासे झाले, श्वास भराभर चालू लागला, तर सहल तिथेच सोडून दवाखाना गाठावा.

या वर्षी वहीत मी एक नवा रकाना आखला आहे, 'एक वाजता परतणारे'. तान्ही बाळे आणि त्यांच्या आया त्यात. पिशव्या उचलायला बरोबर माणूस हवा, म्हणून पहिले नाव माझे लिहिले आहे. दुसऱ्या ओळीत कुणातरी बाळाच्या बापाचे नाव यायला हवे, ती अजून रिकामी आहे.