साबुदाणा कुठल्या झाडाचा?

आषाढी एकादशीला शाळेत खिचडी झाली, तेव्हा एका मुलाने विचारले, "साबुदाणा कुठल्या झाडाला लागतो?" आम्ही पालक एकमेकांची तोंडे बघत राहिलो. कोणी म्हणाले कंद, कोणी म्हणाले माड. घरी जाऊन वाचले, तर दोघांचेही थोडे थोडे बरोबर निघाले!

मूळचा साबुदाणा सागू नावाच्या माडाचा. न्यू गिनी आणि मलुकू बेटांवरच्या पाणथळ जंगलांत हा माड वाढतो. साधारण १० ते १५ वर्षांनी, आयुष्यात एकदाच, त्याला फुलोरा येतो आणि मग तो मरतो. फुलोऱ्याआधी खोड पिठाने गच्च भरलेले असते. नेमके तेव्हाच तिथले लोक झाड तोडतात, गाभा कुटतात, पाण्यात कोळून गाळतात आणि तळाशी बसलेला साका काढतात. एका झाडाचे दीडशे ते तीनशे किलो पीठ निघते. दहा दिवसांच्या कष्टात एका माणसाची वर्षाची बेगमी होते, असा हिशेब आल्फ्रेड वॉलेस यांनी १८६९ च्या पुस्तकात मांडला आहे. झावळ्यांनी घरे शाकारतात, देठांच्या भिंती करतात. बुंध्याच्या फुटव्यांतून नवे माड उभे राहतात. पडलेल्या खोडातल्या अळ्याही आवडीने खातात.

पुढच्या शनिवारी हे सांगितले. अळ्या म्हटल्याबरोबर वर्गात एकच "ईऽऽ!" झाले. आम्ही मोठेही हसलो. इथेच आमचे चुकले. याच मुलांच्या डब्यातली खिचडी बघून इथली मुले नाक मुरडतात, तेव्हा ती रडवेली होऊन घरी येतात.

आता आपला साबुदाणा बघा. तो बहुतेक तामिळनाडूत सेलमकडे, टॅपिओकाच्या कंदापासून बनतो. कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला, नाव मलाय भाषेतल्या 'सागू'वरून आलेले, आणि फोडणी आपल्या आजीची! नाव जुनेच, आतला माल नवा. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे रोजचेच. म्हणून काही खिचडी परकी होत नाही. पण "आपले ते चांगले, त्यांचे ते ईऽऽ" असे म्हणायला जागाही उरत नाही.

तेव्हा पालकहो, मुलांनी विचारले तर "असाच असतो" म्हणून गप्प बसवू नका. सोबत बसून शोधा. आणि बालमित्रांनो, कोणी डब्याला हसले तर त्याला सागूच्या माडाची गोष्ट सांगा, आणि एक घास खिचडीही द्या.