मीखाचा दुसरा अध्याय

नाताळ आला की चर्चमध्ये मीखा संदेष्ट्याचा पाचवा अध्याय निघतोच. इस्राएलाचा अधिपती बेथलेहेमातून येईल, असे ख्रिस्तापूर्वी आठव्या शतकातल्या या संदेष्ट्याच्या ग्रंथात म्हटले आहे. येशूच्या जन्माने ते खरे ठरले, अशी ख्रिस्ती श्रद्धा. मत्तयानेही आपल्या शुभवर्तमानात हाच दाखला दिला. त्या श्रद्धेशी आमचे भांडण नाही. तक्रार आहे ती तेवढेच वाचून ग्रंथ मिटण्याबद्दल.

तीनच अध्याय मागे जा. रात्री अंथरुणात पडून दुसऱ्याचे शेत आणि घर लाटण्याचे बेत आखायचे आणि उजाडताच, अंगात बळ आहे म्हणून, ते तडीस न्यायचे, अशा माणसांवर तिथे मीखाने आसूड ओढला आहे. सातबारा, हद्द आणि वाटणीच्या भांडणांत पिढ्या खपवणाऱ्या आपल्या गावांना तो अध्याय परका वाटू नये. त्याच शतकातला आमोस मूळचा तकोवा गावचा मेंढपाळ. तराजूत खोट ठेवणाऱ्यांना आणि गव्हाचे भुसकट गरिबाच्या गळ्यात मारणाऱ्यांना त्याने धारेवर धरले. पन्हाळ्याच्या पायथ्याशी यावर वेगळे प्रवचन कशाला हवे? ऐन नाताळात उसाचा गाळप हंगाम भरात असतो आणि काटामारीची ओरड काही नवी नाही.

मिशनरी रॉयल वायल्डर 1852 मध्ये कोल्हापुरात आले. पुढे मिशनचे काम पन्हाळा आणि कोडोलीपर्यंत पोचले. या भागात ख्रिस्ती झालेल्यांत गावकुसाबाहेरची माणसे मोठ्या संख्येने होती. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी अन्याय अंगावर झेलला, त्यांनी तरी संदेष्ट्यांकडे नुसते पुराव्याचे कागद म्हणून पाहू नये.

शिवाय हे ग्रंथ आधी यहुद्यांचे आहेत. मराठी बोलणारे कोकणातले बेने इस्रायल मलिद्याच्या विधीत आजही एलीया संदेष्ट्याचे स्मरण करतात. त्यांच्या लेखी मसीहा अजून यायचा आहे. ख्रिस्ती माणूस बाप्तिस्मा करणाऱ्या योहानातच मसीहाआधी येणारा तो एलीया पाहतो. हा मतभेद मिटणार नाही आणि मिटवण्याची गरजही नाही. मात्र विधवेची बाजू घ्या, अनाथाला न्याय द्या, ही यशया संदेष्ट्याची आज्ञा दोघांनाही बांधून ठेवते.

ती आज्ञा पाळून दाखवणारी बाई याच महाराष्ट्रातली. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि त्यांनी मूळ भाषांतून अख्खे बायबल मराठीत आणले. ते 1924 मध्ये, त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, प्रसिद्ध झाले. हे काम चालले होते केडगावच्या मुक्ती सदनात, दुष्काळातून वाचवून आणलेल्या विधवा आणि अनाथ मुलींच्या सहवासात. यशयाचा ग्रंथ मेजावर होता आणि तो ज्यांच्याविषयी बोलतो त्या बायका अंगणात होत्या.

भविष्य खरे ठरले, एवढ्यावर समाधान मानणारा श्रोता संदेष्ट्यांना नको होता. त्यांना वागणूक बदललेली हवी होती. पाळकांनी येत्या नाताळात पाचवा अध्याय जरूर वाचावा, पण त्याआधी दुसरा वाचावा. ज्यांच्या शेताची हद्द शेजाऱ्याच्या रानात सरकली आहे, त्यांनी तो पुढच्या बाकावर बसून ऐकावा.