ग्रीक अक्षरांतली चिठ्ठी

लखनौला गेलेला प्रवासी चिकनचे कुडते खरेदी करतो, बड्या इमामबाड्यातला भुलभुलैया पाहतो आणि मग रेसिडेन्सीकडे वळतो. तोफगोळ्यांनी चाळण झालेल्या तिथल्या भिंती १८५७ च्या वेढ्याची साक्ष देत आजही उभ्या आहेत. क्रांतिकारकांनी रेसिडेन्सीला वेढा घातल्यावर ४ जुलैला सर हेन्री लॉरेन्स मरण पावला आणि सूत्रे ब्रिगेडियर इंग्लिसच्या हाती आली. त्याची सारी आशा होती कानपूरकडून येणाऱ्या जनरल हॅवलॉकवर. पण वेढ्यातून त्याला निरोप पाठवायचा कसा?

अंगद नावाचा एक पेन्शनर शिपाई हे काम करी. बारीक गुंडाळलेला कागद पिसाच्या पोकळ नळीत दडवून तो पहाऱ्यातून पार होई. पण तो पकडला गेला तर? बाहेर इंग्रजी वाचू शकणारे लोकही होते. म्हणून इंग्रजांनी एक युक्ती केली. भाषा इंग्रजीच ठेवली, अक्षरे मात्र ग्रीक वापरली! शाळेत ग्रीक शिकलेल्या साहेबाला ती चिठ्ठी सहज वाचता येई. इतरांना त्या नुसत्या रेघोट्या वाटत.

आपल्याला या युक्तीचे नवल वाटायला नको. करपल्लवी आणि नेत्रपल्लवी आपल्याकडे होत्याच. मोठ्यांना कळू नये म्हणून मुले 'च'ची भाषा बोलतात, तीही याच जातीची. गंमत अशी, की हीच युक्ती आज इंटरनेटवर ई-मेलचा पत्ता लपवण्यासाठी वापरतात.

आता समजा, लखनौतल्याच एखाद्या गृहिणीने घरबसल्या चिकनच्या साड्यांचा व्यवसाय सुरू केला. गिऱ्हाइकांना चौकशी करता यावी म्हणून तिने वेबसाइटवर आपला ई-मेलचा पत्ता दिला. पहिले काही दिवस चार-दोन पत्रे आली. मग सुरू झाला भडिमार! लॉटरी लागल्याची बातमी, बिनव्याजी कर्ज, वजन घटवण्याच्या गोळ्या. या ढिगाऱ्यात एका लग्नघराची मोठी मागणी दबून गेली आणि दिसली तेव्हा लग्न होऊनही गेले होते. असे झाले तर तिने काय करावे?

हे पत्ते कोणी माणूस बसून टिपत नाही. 'बॉट' नावाचे छोटे प्रोग्रॅम रात्रंदिवस वेबसाइटची पाने चाळत असतात. १९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन इंजिनियरने माणसाचे नाव आणि संगणकाचे नाव यांच्यामध्ये 'ॲट'चे वेटोळे चिन्ह बसवले. बॉटच्या दृष्टीने तीच पत्त्याची खूण. ते वेटोळे दिसले, की मागचेपुढचे शब्द उचलायचे आणि यादीत टाकायचे! १९७८ च्या मे महिन्यात गॅरी थ्युर्क या विक्रेत्याने सुमारे ४०० जणांना एकदम संगणकाची जाहिरात पाठवली. अशा रद्दी टपालाची ती सुरुवात मानतात. त्याचे पत्ते छापील यादीतून हाताने उतरवून घ्यावे लागले होते. आता ते कष्टही उरलेले नाहीत.

यावर उपाय म्हणजे ग्रीक अक्षरांची चिठ्ठी. संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो. 'ॲट'च्या चिन्हाचा ६४, इंग्रजी छोट्या 'ए'चा ९७. पान तयार करताना पत्त्याची अक्षरे न लिहिता ठरावीक खुणा करून हे क्रमांक लिहायचे. वाचकाचा ब्राउझर त्यांची पुन्हा अक्षरे करून दाखवतो. गिऱ्हाइकाला पत्ता नेहमीसारखाच दिसतो आणि पानाचा कच्चा मजकूर चाळणाऱ्या साध्या बॉटला नुसते आकडे सापडतात. आपल्याकडच्या अनेक सरकारी वेबसाइटवर त्याहून सोपी रीत दिसते. तिथे वेटोळ्याऐवजी कंसात 'ॲट' आणि टिंबाऐवजी 'डॉट' असे शब्दच लिहिलेले असतात.

या युक्तीचा उपयोग होतो का? अमेरिकेतल्या 'सेंटर फॉर डेमॉक्रसी अँड टेक्नॉलॉजी' या संस्थेने २००३ साली याची पाहणी प्रसिद्ध केली. उघड्यावर ठेवलेल्या पत्त्यांवर रद्दी टपालाचा पाऊस पडला होता, पण असे वेश पालटलेले पत्ते तेव्हा कोरडे राहिले.

मात्र 'तेव्हा' हा शब्द महत्त्वाचा. चिठ्ठी ग्रीक अक्षरांत असली तरी भाषा इंग्रजीच होती. ज्याने ती लिपी शिकून घेतली, त्याच्यापुढे गुपित उरत नव्हते. आजचे अनेक बॉटही ब्राउझरसारखेच आकड्यांची अक्षरे करून वाचतात. म्हणजे हे कुलूप नव्हे, नुसता पडदा आहे. तो वाऱ्याधुळीला अडवतो, पण ठरवून आलेल्या चोराला अडवत नाही.

मग पत्त्याचे चित्र करून लावावे का? तेही तितकेसे बरे नाही. अंध व्यक्ती मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर वापरतात आणि नुसते चित्र लावले तर त्यांना पत्ता कळतच नाही. त्यापेक्षा पत्ता न दाखवता निरोप लिहिण्यासाठी चौकट ठेवणे चांगले. पत्ता द्यायचाच असेल, तर व्यवसायासाठी वेगळा द्यावा. घरच्या मंडळींचा आणि बँकेचा पत्ता वेगळा ठेवावा. रद्दीच्या कप्प्यावर रोज एकदा नजर टाकावी, कारण चाळणीत कधी कधी खरी मागणीही अडकते. बँकेच्या नावाने आलेल्या पत्रातली लिंक दाबू नये आणि ओटीपी कोणालाही सांगू नये. पैशाची फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर कळवावे. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे कठीण.

रेसिडेन्सीतल्या साहेबांनाही आपल्या लिपीची मर्यादा ठाऊक असावी. ग्रीक अक्षरे वापरली म्हणून त्यांनी ती चिठ्ठी उघड्या हातात दिली नाही, पिसाच्या नळीत दडवूनच पाठवली. आपणही पत्त्याला वेश चढवावा आणि जे कोणाच्याच नजरेस पडू नये, ते वेबसाइटवर ठेवूच नये.